दसऱ्यानंतरचा पट

२००३ साली शिक्षणसेवक म्हणून बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झालो. मानधन महिना ३००० रुपये. जूनमध्ये वर्ग गच्च असायचा आणि दसरा झाला की रिकामा. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पिठाच्या गोण्या, शेळ्या आणि वर पोरं, अशी टोळी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं निघायची, कुणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परतायची, तोवर दुसरीतलं पोर जोडाक्षरं विसरलेलं असायचं.

ती पोरं आता पंचविशी-तिशीत आहेत. काही पोलिसात आहेत, एक जण पुण्यात चाकणला कंपनीत आहे. त्यांचे फोन येतात, छाती भरून येते. पण गेली काही वर्षं मनात जास्त राहतात ती दुसरीच माणसं.

सर्व शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं आली, तेव्हा एका तिसरीतल्या मुलीच्या आजीला मी ओसरीवर बसून विनवलं होतं, नातीला ठेवून घ्या म्हणून. नाव वसतिगृह; प्रत्यक्षात मूल आजीकडं झोपायचं आणि शाळेत दोन वेळ जेवायचं. त्या जेवणानं वर्ग वाचवले, हे मी कुठंही सांगेन. ती मुलगी आज लातूरला नर्स आहे. आईबापाची उचल तिनं पगारातून फेडली आणि त्यांचा कोयता कायमचा बंद केला.

यंदा पाडव्यानंतर ती शाळेत आली होती. मुलांशी बोलता बोलता तिनं पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा हात हातात घेतला. उसाच्या पातीनं चिरलेली बोटं, नखात काळं. "कुठं होता गं, टायर सेंटरला का डोकी सेंटरला?" मुलगी म्हणाली, "डोकी." म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहतात. मग पर्समधून मलम काढून ती एकेका बोटाला लावत बसली आणि सारा वर्ग उभं राहून बघत होता. मी खिडकीकडं तोंड केलं. इतकी वर्षं शिकवून काय झालं, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

सगळ्यांचं असं झालं नाही. गणितात वर्गात पहिला असणारा एक मुलगा आज मुकादम आहे. त्याची उचलीची वही मी पाहिली. मी गिरवून घेतलेलं तेच वळणदार अक्षर, बेरजेत कुठं चूक नाही, कुणाला फसवत नाही असं गावही म्हणतं. तरी त्या वहीत माझ्याच माजी विद्यार्थ्यांची नावं ओळीनं वाचताना घशाशी आवंढा आला. काही मुलींची लग्नं सातवी-आठवीतच लागली. अठराचा कायदा गावात माहीत नव्हता असं नाही. त्यातल्या एकीनं तिच्या मुलीचं नाव दाखल करताना अंगठ्याचं शाईचं पॅड बाजूला सारलं आणि सही केली. शेजारी उभ्या सासूला म्हणाली, "ही फडावर येणार न्हाई. गुरुजींकडं राहील."

गुणगौरव सोहळ्यात आपण फौजदार झालेल्यांना व्यासपीठावर बसवतो. बसवावंच. माझ्या मते या आईचा मान तितकाच मोठा आहे, कारण तिला कुणी थांबवून घेतलं नव्हतं आणि ती लेकीला थांबवून घेतेय.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहं मंजूर झाली. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात किती मुलं राहतात, हे प्रत्येक शिक्षकानं आणि सरपंचानं जाऊन बघावं. आणि टोळ्या निघायच्या आधी, घटस्थापनेच्या आठवड्यातच, वस्तीवर जाऊन आजी-आजोबांशी बोलावं. ट्रॅक्टर भरल्यावर बोलून उपयोग होत नाही.