वेशीबाहेरचे मध्ययुग : अभ्यास कोठून सुरू करावा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. दोन वर्षांपूर्वी वर्गात मध्ययुगीन युरोप चालू होता. सरंजामदार, त्याची गढी, चर्च आणि जमिनीला बांधलेला भूदास असे चित्र मी फळ्यावर काढले. भूदासाला आठवड्यातले ठरलेले दिवस धन्याच्या शेतावर फुकट राबावे लागे, तो मेला की त्याच्या घरातले सर्वांत चांगले जनावर धन्याकडे जाई, हे सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हा भूदास वेशीच्या आत राहत होता की बाहेर?"

हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो विचारण्यासाठी वेशीबाहेर जन्मावे लागते. भूदास गावातच राहत होता. ज्या चर्चमध्ये धनी प्रार्थना करी, त्याच चर्चमध्ये तो जाई आणि मेल्यावर त्याच्याच आवारात पुरला जाई. पळून जाऊन एखाद्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला, तर अनेक ठिकाणी तो कायद्याने मुक्त होई. आमचा माणूस पळून शंभर कोस गेला, तरी त्याची जात त्याच्या आधी तिथे पोहोचलेली असे. एवढे उत्तर मी दिले. पण घरी जाताना जाणवले की युरोपातल्या भूदासाचा दिनक्रम मला पाठ आहे आणि त्याच शतकात मंगळवेढ्याच्या महारवाड्यात चूल कशावर पेटत होती, हे मला सांगता येत नाही. आपल्या मध्ययुगाचा अभ्यासक्रम म्हणजे यादव, बहमनी, आदिलशाही अशी घराणी आणि त्यांच्या लढाया. त्यात माणसे फक्त मरण्यापुरती येतात.

युरोपचा इतिहासही एकेकाळी असाच राजांचा होता. १९२९ साली मार्क ब्लॉख आणि ल्युसिएँ फेव्र या दोन फ्रेंच प्राध्यापकांनी 'आनाल' हे नियतकालिक सुरू केले आणि नांगर, पीक, भाकरी, भीती, श्रद्धा यांचा इतिहास लिहिता येतो हे दाखवून दिले. ब्लॉखला पुढे १९४४ मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या. त्याच परंपरेतल्या ल रॉय लादुरी याने १९७५ साली 'माँतायू' हे पुस्तक लिहिले. पिरेनीज डोंगरातल्या त्या लहानशा गावात कोण काय खात होते, कोण कोणाच्या उवा काढत होते, मरणाविषयी मेंढपाळ काय बोलत होते, हे सारे त्यात आहे. हे त्याला कळले कसे? जाक फुर्निए नावाच्या बिशपने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या संशयावरून लोकांना पकडून त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या होत्या. ज्या कागदाने त्या माणसांना तुरुंगात घातले, त्याच कागदाने त्यांचे बोलणे आजवर जपले. आपल्या दृष्टीने यातला धडा मोलाचा आहे. शोषितांनी स्वतः लिहिलेले काही हाती नसले, तरी शोषकाचा कागद उलटा धरून वाचता येतो.

वर्गातल्या त्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर मला याच डोंगरांच्या परिसरात सापडले. नैर्ऋत्य फ्रान्स आणि उत्तर स्पेनमध्ये 'कागो' नावाचा समाज होता. तो वस्तीपासून अलग राहत असे आणि बहुतेक सुतारकाम करत असे. चर्चमध्ये त्याच्यासाठी वेगळे, ठेंगणे दार असे आणि पवित्र पाण्याचे भांडेही वेगळे असे. वंश, भाषा, धर्म यांत तो इतरांहून वेगळा नव्हता. सोळाव्या शतकाच्या आरंभी नाव्हारमधल्या कागोंनी थेट पोप लिओ दहावा याच्याकडे दाद मागितली. निर्णय त्यांच्या बाजूने लागला, पण गावांनी तो मानला नाही. म्हणजे वेशीबाहेरचा माणूस तिथेही होता. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे, की कागोला धर्मपीठाकडे दाद मागता आली, कारण त्याला दूर ठेवा असे त्याच्या धर्मग्रंथात लिहिलेले नव्हते. आपल्याकडे दाद मागायची ती ज्या ग्रंथाकडे, शिक्षेचा मूळ हुकूम त्याच ग्रंथात होता.

आता आपल्या घराकडे वळू. साधने नाहीत ही तक्रार खरी नाही. साधने आहेत, ती वाचण्याची नजर कमी पडते.

पहिले साधन महानुभावांचे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा संग्रह. त्यात वाटा आहेत, मुक्काम आहेत, खाणेपिणे आहे, बायांचे बोलणे आहे. स्त्रीला विटाळ मानू नये, तो शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, असा विचार त्या काळी मराठीत सांगितला गेला होता. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपुरात अस्पृश्यांच्या घरांत शिरत, तेथे खात, आणि गावाला त्याचा धक्का बसे. एका अवलियाच्या चरित्रात हे सहज नोंदवलेले आहे. त्यामुळेच गावाची रेषा कुठून जात होती हे आपल्याला कळते. रेषा ओलांडली गेली की तिची नोंद होते. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या ग्रंथाची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि तो स्मरणावरून पुन्हा बांधला गेला, म्हणून पाठ अनेक आहेत. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना ते उलगडले नाहीत. एखादे वाक्य उचलून निष्कर्ष काढण्यापूर्वी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे साधन चोखोबा आणि त्यांचे घर. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. चौदाव्या शतकातले अख्खे महार कुटुंब आपल्याशी बोलते. अशी गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण आपण त्यांचे अभंग फक्त भक्तीसाठी वाचतो. ते कामाची नोंद म्हणून वाचून पाहावेत. जोहार, उष्टे, ओढायची मेलेली ढोरे, विटाळ हे शब्द किती वेळा येतात, कोणाच्या तोंडी येतात आणि कोणत्या शब्दाशी जोडून येतात? सोयराबाईला विटाळाविषयी पडणारे प्रश्न आणि चोखोबांना पडणारे प्रश्न यांत काय फरक आहे? कर्ममेळ्याच्या आवाजात बापापेक्षा अधिक धार का आहे? दोन पिढ्यांमधला हा फरक एम. ए.च्या प्रबंधाचा विषय आहे.

चोखोबांचे मरण घ्या. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली अनेक मजुरांबरोबर ते गाडले गेले, असे परंपरा सांगते. पुढे नामदेवांनी ढिगाऱ्यातून हाडे वेचली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची ठरली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी झाली. सातशे वर्षे आपल्याला हाडांची गोष्ट सांगण्यात आली. भिंतीची गोष्ट कोणी सांगितली नाही. भिंत कोणाच्या संरक्षणासाठी होती? ती बांधणारे तिच्या आत राहत होते की बाहेर? त्यांना वेठीला धरले होते की मजुरीवर? बाकीच्यांची हाडे कुठे गेली? भक्ताची हाडे निवडून घेतली म्हणजे उरलेल्यांची टाकून दिली, एवढे तरी त्या कथेतूनच सिद्ध होते. आणि ज्या देवासमोर समाधी झाली, त्याच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडले. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

तिसरे साधन मोडी कागद. ते सतराव्या-अठराव्या शतकांतले, म्हणजे मध्ययुगाच्या उत्तरार्धातले आहेत. पुण्याचे पेशवे दफ्तर आणि कोल्हापूरचे पुराभिलेखागार यांत वतनांचे तंटे, महजर आणि निवाडे आहेत. दोन गावांच्या शिवेचा वाद निघाला की महाराला पुढे करत, कारण शीव त्याला पायाखालची ठाऊक. ज्याला गावात घर नाही, तो गावाची हद्द सांगणार, आणि त्याचे सांगणे खोटे ठरले तर भोगणारही तोच. महजराखाली पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते. इतरांच्या खुणाही पाहा. लिहिता न येणाऱ्या माणसाने कागदावर ठेवलेली ती एकमेव खूण असते. फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकाने असे कागद वाचून दख्खनच्या गावगाड्यावर आयुष्यभर काम केले. टोकियोहून माणूस येऊन मोडी वाचतो आणि आपल्या मुलांना ती परकी वाटते, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

चौथे साधन दगड आणि ताम्रपट. शिलाहार राजा गंडरादित्य याच्या १११० सालच्या ताम्रपटात नोंद आहे की मिरज प्रांतातील इरुकुडी येथे त्याने गंडसमुद्र नावाचा तलाव खोदला, त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत यांची स्थापना केली आणि तिघांच्याही खर्चासाठी जमिनी दिल्या. म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभी आपल्या भागात बुद्धाची पूजा राजाश्रयाने चालू होती. या एका ओळीने हुरळून जाऊन आपण अखंड बौद्ध होतो असे सिद्ध होत नाही. पण बुद्ध इथून कधीच हद्दपार झाला होता असे म्हणणाऱ्याला मात्र उत्तर द्यावे लागते. गावोगावी वीरगळ आहेत, गाढव आणि स्त्री यांचे चित्र असलेले गधेगाळ आहेत. दान मोडणाऱ्याला द्यायचा शाप त्या काळी स्त्रीच्या देहावर कोरला जाई, हाही सांस्कृतिक इतिहासच आहे. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झाले. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जाणारा माणूस रोमन समुद्रदेवाच्या मूर्तीपुढे थांबतो, हे ठीकच आहे. पण बांगड्यांचे तुकडे आणि मातीची भांडी यांपुढेही थांबावे. स्वयंपाक देवाने केला नव्हता.

पाचवे साधन सर्वांत जवळचे आणि सर्वांत लवकर संपणारे. माझ्या आजीचे माहेर निपाणीकडचे. तिच्या बापाकडे तराळकी होती. मर्तिकाचा सांगावा पोहोचवायचा, सारा वसुलीला माणसे बोलवायची, मेलेले जनावर ओढायचे आणि संध्याकाळी घरोघर भाकरी गोळा करायची. मी पदवीधर झाल्यावर मोठ्या तावातावाने तिला म्हणालो, "तुम्ही भीक मागत होता." ती म्हणाली, "भीक न्हवं. हक्काचं घेत हुतो." त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटते की बलुतेदारीचा सारा पेच तिने तीन शब्दांत सांगितला. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी दंतकथा आहे. ती सनद खरी की खोटी यापेक्षा, उष्ट्या भाकरीला हक्क म्हणावे लागले म्हणूनच ती खाता आली, हे अधिक खरे आहे. व्यवस्थेने बेडीला मानाचे नाव दिले आणि बेडी घातलेल्याने त्या नावात आपला स्वाभिमान कसाबसा जपला. बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध लढा पुकारला तो हे ओळखूनच. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने मोडीत काढली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. इतिहासाच्या पुस्तकात मध्ययुग १८१८ साली संपते. वेशीबाहेर ते आणखी दीड शतक रेंगाळले.

दोन धोके सांगितले पाहिजेत. आपणही एखादे सुवर्णयुग शोधण्याच्या मागे लागू, हा पहिला. आम्ही राजे होतो, आम्ही योद्धे होतो, एवढ्यासाठीच इतिहास धुंडाळला तर आपण घराण्यांच्या इतिहासाकडेच परत जातो. आजचा संताप चौदाव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी घालणे, हा दुसरा. चोखोबा बंडखोर होते की शरण गेले होते, हा वाद आपण फार दिवस घातला. ते काय करत होते, काय खात होते आणि कोणत्या शब्दांत विचार करत होते, हे आधी पाहू. १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. जिथे पुराव्याचे दुवे तुटलेले आहेत तिथे अभ्यासकाने तर्क आणि कल्पनाशक्ती वापरून ते जोडावेत, पण तर्काला तर्कच म्हणावे आणि पुढचा पुरावा आला तर तो तपासावा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. तीच आपलीही असावी.

शिक्षकांनी वर्षातून एक तास वर्गाबाहेर, गावच्या वीरगळापाशी घ्यावा. विद्यार्थ्यांनी मोडी शिकावी. काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येते. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या पुढच्या बाया-माणसांकडे वही घेऊन बसावे आणि त्यांना विचारावे : पाणी कुठून आणत होता, सणाला काय मिळत होते, कोणत्या वाटेने जायला बंदी होती? मोठे प्रश्न विचारू नयेत. मोठी उत्तरे लहान प्रश्नांतूनच येतात.

माझी आजी गेली. तिची भाकरीची टोपली केवढी होती, ती कशाची विणलेली होती, हे मी विचारले नाही. युरोपातल्या भूदासाच्या टोपलीचे चित्र माझ्या पुस्तकात आहे.