गोल वाचविणाऱ्याची कारकीर्द

बेंगळुरूच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड आज संगणक-उद्योगाच्या उंच इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. परंतु या गावाचा जन्म शेतीसाठी झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1882 साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेस सुमारे 3,900 एकर जमीन दिली आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीस व्हाइटफील्ड हे नाव पडले. आपल्या समाजाने सरकारी नोकरीवर विसंबून न राहता नांगर हाती धरावा, अशी व्हाइट यांची कल्पना होती. ती मोठ्या प्रमाणावर फलद्रूप झाली नाही. हा समाज पुढेही मुख्यतः रेल्वे, तारखाते आणि जकातखाते यांच्या नोकरीतच राहिला. आणि या खात्यांच्या मैदानांवरच भारतीय हॉकीची एक मोठी पिढी घडली. त्या पिढीतील ज्या खेळाडूंचे नाव सर्वांत कमी घेतले जाते, त्यांच्याविषयी, म्हणजे बचावपटूंविषयी, येथे थोडे सांगावयाचे आहे.

त्या काळी संघाची रचना ठरलेली असे. गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीचे खेळाडू. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला हाफबॅकच्या फळीतून सुटून आला, की त्याची गाठ फुलबॅकशी पडे. फुलबॅकची चूक सावरण्यास मागे गोलरक्षकावाचून कोणीही नसे. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकराव्या संधीस गोल केला तरी त्याचा जयजयकार होतो. फुलबॅकने दहा हल्ले परतविले आणि अकरावा चुकला, तर लोकांच्या स्मरणात तो अकरावाच राहतो. बचावपटूच्या कारकिर्दीचे मर्म या विषम हिशेबात आहे. त्याची कमाई म्हणजे न घडलेल्या गोष्टी, आणि न घडलेल्या गोष्टींची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकचे उदाहरण घ्या. भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले. त्यांपैकी 14 ध्यानचंद यांचे होते आणि ते आकडे आजही अनेकांना मुखोद्गत आहेत. परंतु त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही. त्या संघात मायकेल रॉक आणि लेस्ली हॅमंड हे फुलबॅक होते. गोल राखीत होते रिचर्ड अ‍ॅलन, ज्यांचा जन्म नागपूरचा. 1932 मध्ये लॉस एंजेलिस येथे हॅमंड यांच्या जोडीस कार्लाइल टॅपसेल आले. 1936 मध्ये बर्लिन येथे टॅपसेल व मोहम्मद हुसेन अशी जोडी खेळली आणि त्यांच्यापुढे उजवे हाफबॅक होते पुण्याजवळच्या खडकीचे बाबू निमल. तीन ऑलिंपिक स्पर्धांत मिळून भारताने 102 गोल केले आणि स्वतःवर अवघे 3 होऊ दिले. पहिला आकडा आघाडीचा, दुसरा बचावाचा. दोहोंपैकी अधिक विलक्षण कोणता, हे वाचकांनी ठरवावे.

या खेळाडूंपैकी कोणीही व्यावसायिक नव्हता. ऑलिंपिकचे नियम हौशी खेळाडूंपुरते मर्यादित होते आणि हॉकीवर उदरनिर्वाह करणे अशक्यच होते. खेळाडूस जी नोकरी मिळे तीच त्याची मिळकत. लेस्ली क्लॉडियस यांचे उदाहरण बोलके आहे. बिलासपूर येथे जन्मलेले हे हाफबॅक 1948 ते 1960 या काळात चार ऑलिंपिक खेळले, तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक त्यांनी मिळविले आणि नोकरी कलकत्त्याच्या जकातखात्यात केली. स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे देशांतर करून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा खेळही गेला. जबलपूरचे पिअर्स बंधू पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळले.

बचावपटूच्या वाट्याला प्रसिद्धी आली ती पेनल्टी कॉर्नरमुळे. या पद्धतीत गोलरेषेवरून चेंडू वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्या खेळाडूकडे ढकलला जातो. तो चेंडू थांबविला गेला, की दुसरा खेळाडू जोरदार फटका मारतो. असा फटका मारण्यास खांद्यात बळ आणि मनगटात अचूकपणा लागतो. दूरवर चेंडू मारण्याची सवय असलेल्या फुलबॅकपाशी हे गुण असत. 1956 मध्ये मेलबर्न येथे पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल फुलबॅक रणधीरसिंग जेंटल यांनी केला. त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नव्हता. 1964 मध्ये टोकियो येथे फुलबॅक पृथिपालसिंग यांनी 10 गोल केले. 1975 च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध उपान्त्य सामना हातचा जात असता, बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या अस्लम शेर खान यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधून दिली. तेही फुलबॅकच होते.

1976 पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर होऊ लागली आणि पेनल्टी कॉर्नरचे तंत्रही कालांतराने बदलले. सरळ मारलेला पहिला फटका गोलामागील फळीच्या उंचीपेक्षा वर जाऊ नये, असा नियम आहे. चेंडू स्टिकवर घेऊन ओढत नेऊन भिरकावला, तर मात्र हे बंधन राहत नाही. यातूनच ड्रॅग फ्लिक हे तंत्र पुढे आले. परंतु त्यासाठी कमरेस व पाठीस पीळ द्यावा लागतो आणि तोच फेक दिवसातून कितीतरी वेळा घोटावा लागतो. म्हणजेच ज्या अंगामुळे कीर्ती मिळते तेच अंग प्रथम झिजते. बर्फावरील हॉकीत बॉबी ऑर या कॅनेडियन बचावपटूने बचावाच्या जागेवरून खेळत संपूर्ण लीगमध्ये गुणांचा उच्चांक दोन वेळा गाठला; परंतु गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे 1978 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षीच, त्याला निवृत्त व्हावे लागले.

ड्रॅग फ्लिकचा सामना करणे हेही बचावपटूचेच काम. चेंडू निघताच गोलरेषेवरून फटका मारणाऱ्याच्या दिशेने थेट धावत सुटणाऱ्यास पहिला धावक म्हणतात. वेगाने येणाऱ्या चेंडूच्या मार्गात स्वतःचे शरीर घालणे, हे त्याचे कर्तव्य. 4 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस येथे ब्रिटनविरुद्ध हे काम करणारे अमित रोहिदास सतराव्या मिनिटास लाल कार्ड मिळून मैदानाबाहेर गेले. उरलेला सामना भारताने दहा खेळाडूंनिशी लढविला, 1–1 अशी बरोबरी टिकविली आणि शूटआउटमध्ये विजय मिळविला. दोन दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात रोहिदास बंदीमुळे खेळू शकले नाहीत आणि भारत 2–3 असा हरला. केवळ त्यांच्या अनुपस्थितीमुळे तो सामना गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु बचावपटू संघात असताना त्याची किंमत कळत नाही, तो नसताना कळते, हे यावरून दिसून येते.

त्याच स्पर्धेत कर्णधार हरमनप्रीतसिंग यांनी 10 गोल केले; कांस्यपदकाच्या सामन्यातील दोन्ही गोल त्यांचेच होते. ते बचावपटू आहेत. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात त्यांना 78 लाख रुपये अशी सर्वाधिक बोली मिळाली. जकातखात्याच्या पगारावर खेळणाऱ्या पिढीस हा आकडा स्वप्नवत वाटला असता. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. ही बोली मुख्यतः त्यांच्या गोलांसाठी लागली. गोल न करणारा, केवळ अडविणारा खेळाडू आजही हिशेबाबाहेरच राहतो.

राष्ट्रीय संघाची शिबिरे बेंगळुरूमध्ये, व्हाइटफील्डपासून दूर शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात भरतात. तेथे आघाडीचे खेळाडू गोलावर फटके मारण्याचा सराव करतात, तेव्हा त्यांच्यासमोर कोणीतरी उभा असतो. पुढचा सामना पाहताना, गोल झाल्यानंतर टाळ्या वाजविण्यापूर्वी, आपल्या बाजूस गोल झाला नाही अशा मिनिटांकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. ती मिनिटे कोणीतरी श्रमाने मिळविलेली असतात.