संकेताचे पूर्णांकीकरण व शून्यालगतचा दोष

संगणकात ध्वनिसंकेताचे नमुने बहुधा −१ ते +१ या मर्यादेतील फ्लोटिंग-पॉइंट संख्यांनी दर्शवितात. १६ बिटांत साठविताना त्यांचे −३२७६८ ते ३२७६७ यांमधील पूर्णांक करावे लागतात. ३२७६८ ने गुणल्यास +१ हे मूल्य मर्यादेबाहेर जाते व न रोखल्यास ऋण टोकास उलटू शकते. हा दोष निदान तत्काळ ऐकू तरी येतो. सी भाषेतील साधे रूपांतर मात्र अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटते. त्यामुळे गुणाकारानंतर −१ व +१ यांच्या दरम्यान पडणारी सर्व मूल्ये शून्य होतात, म्हणजे शून्याचा कप्पा इतरांच्या दुप्पट रुंद ठरतो. तंबोऱ्याचा विरत जाणारा नाद येथेच खुंटतो. निकटतम पूर्णांक घेतल्यास कप्पे समान होतात, परंतु उरलेली चूक संकेताशी निगडितच राहते. म्हणून तत्पूर्वी दोन पायऱ्यांच्या रुंदीचा, त्रिकोणी वितरणाचा यादृच्छिक गोंगाट मिसळतात; विकृती जाऊन मंद, एकसारखी खरखर उरते.