ऐंशी डाल्टनचा पूल

रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनपुढे १५ दिसले की आपण निर्धास्त होतो. हे १५ ग्रॅम शंभर मिलिलिटर रक्तातले. अंगातल्या पाच लिटरचा हिशोब केला तर पाऊण किलो भरते! रेणू मोजायचे म्हटले तर सातावर एकवीस शून्ये. एका तांबड्या पेशीत २७ कोटी रेणू आणि अशा पेशी सुमारे २५ लाख कोटी. पेशी जगते चार महिने, म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला २४ लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? माणूस नुसता पडून असला तरी त्याला मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. रक्तद्रवात तो लिटरमागे जेमतेम ३ मिलिलिटर विरघळतो. तेवढ्यावर पाच लिटरचा साठा चार सेकंदही पुरायचा नाही. हिमोग्लोबिन असले की लिटरमागे २०० मिलिलिटर मावतो आणि साठा चार मिनिटांवर जातो.

मग पेशी वगळून नुसते हिमोग्लोबिनच का चढवू नये? गट जुळवायला नको, कारण रक्तगटाच्या खुणा पेशीच्या कवचावर असतात. पण हा रेणू पेशीबाहेर टिकत नाही. त्याच्या चार साखळ्या, वजन ६४,५०० डाल्टन. हायड्रोजनचा अणू साधारण एका डाल्टनचा. पेशीबाहेर आल्यावर साखळ्या दोन-दोनच्या जोड्यांनी सुटतात आणि ३२ हजारांच्या त्या जोड्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटतात, जाताना मूत्रपिंडालाच इजा करून.

अमेरिकी लष्कराचे संशोधक आणि बॅक्स्टर कंपनी यांनी काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्ले. त्यांतली नेमकी दोनच, दोन्ही अल्फा साखळ्यांतली ९९ क्रमांकाची लायसिने, त्यांनी एका छोट्या पुलाने जोडली. पुलात कार्बनचे अणू अवघे चार, रेणूच्या वजनात भर सुमारे ८० डाल्टनची, म्हणजे आठशेवा हिस्सा. तेवढ्याने रेणू फुटायचा थांबला आणि पेशीबाहेर घट्ट धरून ठेवलेला ऑक्सिजन सोडायलाही राजी झाला.

हेच हेमअसिस्ट. अर्ध्या लिटरच्या मात्रेत ५० ग्रॅम हिमोग्लोबिन. जबर जखमींवरची त्याची चाचणी १९९८ मध्ये थांबवावी लागली: ते मिळालेल्या ५२ जणांपैकी २४ दगावले, सलाइन मिळालेल्या ४६ पैकी ८. संशयाची सुई गेली ती नायट्रिक ऑक्साइडकडे. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा हा वायू मोकळे हिमोग्लोबिन गिळून टाकते, तेही पेशीतल्या हिमोग्लोबिनपेक्षा शेकडो पटींनी झपाट्याने. वाहिन्या आवळल्या जातात. पुढे २००८ मध्ये अशा पाच वेगवेगळ्या उत्पादनांच्या १६ चाचण्या आणि ३,७११ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा मृत्यूचा धोका ३० टक्के जास्त आणि हृदयविकाराच्या झटक्याचा पावणेतीन पट निघाला. रेणू फुटू न देणे ही अर्धीच लढाई होती. पेशीचे कवच आणखी काय काय सांभाळते, याचा हिशोब धरायचा राहून गेला होता.

निसर्गात मात्र पेशीविना हिमोग्लोबिन बाळगणारे जीव आहेत. युरोपच्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणाऱ्या अरेनिकोला या किड्याचे हिमोग्लोबिन रक्तात मोकळेच फिरते. वजन सुमारे ३६ लाख डाल्टन, म्हणजे आपल्या रेणूच्या पन्नास पटींहून अधिक. आपला रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू धरतो, त्याचा १५६. फ्रान्समधली हेमारिना ही कंपनी ते वापरते, पण माणसाला रक्त म्हणून चढवायला नव्हे. प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड ज्या द्रवात ठेवतात, त्यात ते मिसळले जाते.