वाटी खाली का पडते?

दहा महिन्यांचं बाळ जेवायला बसतं, पोळीचा तुकडा उचलतं, हात लांब करून सोडून देतं आणि तो कुठे गेला ते वाकून बघतं. आपण तुकडा उचलून देतो, ते पुन्हा सोडतं. चौथ्यांदा आजी म्हणते, "अन्न असं टाकू नये रे सोन्या." आजीचं बरोबरच आहे. पण त्या लहानशा मुठीतून जे चाललेलं असतं, ते पाहून थक्क व्हायला होतं.

1920च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे हे मानसशास्त्रज्ञ आपल्या लोराँ नावाच्या मुलाचं असंच निरीक्षण करत होते. दहा महिन्यांच्या लोराँच्या हाती पावाचा लहान तुकडा आला. खायचा विचार त्याच्या मनातही नव्हता. त्याने तो पुन्हा पुन्हा खाली सोडला, मग कुसकरून त्याचे कण सोडले. दुसऱ्या दिवशी खेळण्यातला हंस, डबी, जे सापडेल ते तो हात वेगवेगळ्या दिशांना नेऊन टाकत राहिला. टाकण्याची जागा बदलली तर वस्तू कुठे पडते, हे तो तपासत होता. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा, हीच तर प्रयोगाची रीत! ती या वयात कुणी शिकवत नाही.

वरण-भात चिवडण्याचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात लॅरिसा सॅम्युएलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा महिन्यांच्या मुलांपुढे सफरचंदाचा गर, खिरीसारखे पातळ पदार्थ, रस, सूप ठेवलं आणि त्यांना नवी, बनवलेली नावं दिली. अशा पदार्थाला स्वतःचा आकार नसतो, म्हणून नजरेने ओळखणं कठीण. ज्या मुलांनी हात घालून, चोळून, सांडून तो पदार्थ अनुभवला, त्यांना नाव जास्त चांगलं लक्षात राहिलं. त्यातही उंच खुर्चीत बसलेली मुलं पुढे होती, कारण जेवायच्या जागी पसारा करायची त्यांना सवयच होती.

आता पोटाचं गणित. तीन किलोचं जन्मलेलं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. हीच चाल राहिली असती तर दुसऱ्या वाढदिवसाला ते सत्तावीस किलोचं झालं असतं! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग उतरतो, तशी भूकही उतरते. नेमक्या याच सुमाराला घरोघरी "हा हल्ली काही खातच नाही" ही काळजी सुरू होते आणि ताटात एक पळी जास्तच पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात बाळाच्या जठराची क्षमता दर किलो वजनामागे सुमारे 30 मिलिलिटर धरलेली आहे. नऊ किलोच्या बाळाचं भरलेलं पोट म्हणजे पाव लिटरच्या किंचित वर. मोठ्यांच्या ताटात शोभेल एवढा भात तिथे मावणार कुठे?

मग किती खायचं ते या जिवाला कळतं का? क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1926 साली हाच प्रश्न घेऊन काम सुरू केलं, आधी क्लीव्हलँडला आणि पुढे शिकागोला. नुकतंच वरचं अन्न सुरू होणारी पंधरा मुलं आणि 34 साधे पदार्थ: दूध, अंडी, मांस, धान्यं, फळं, भाज्या. परिचारिका चमचा घेऊन शेजारी गप्प बसायच्या. मुलाने स्वतः हात पुढे केला किंवा बोट दाखवलं तरच घास द्यायचा. आग्रह नाही, कौतुक नाही, रागावणं नाही. मुलांच्या आवडी विचित्र होत्या. सकाळी संत्र्याचा रस आणि यकृत, संध्याकाळी अंडी, केळी आणि दूध, असंही एखादं खाई. तरी सगळी मुलं उत्तम वाढली. एकाला मुडदूस होता. त्याच्या ताटाशेजारी कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता; तो बरा होईपर्यंत ते तेल मनाला येईल तसं प्यायला, आणि बरा झाल्यावर त्याने ते सोडून दिलं. यातली खरी किल्ली पदार्थांच्या यादीत आहे, असं डेव्हिसबाईंनीच पुढे सांगितलं. त्या टेबलावर साखर नव्हती, बिस्किटं नव्हती. आपल्या घरी डब्यात चटकमटक असेल तर या प्रयोगाचा दाखला देता येणार नाही.

पुढे 1991 साली लीॲन बर्च आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा घास न् घास मोजला. एकेका जेवणातला चढउतार सुमारे 34 टक्के होता, पण दिवसभराच्या एकूण उष्मांकांमधला फक्त 10 टक्के. दुपारी दोनच घास खाल्लेलं मूल संध्याकाळी ती कसर भरून काढतं. आपण दुपारचं ताट बघून घाबरतो. शरीर पूर्ण दिवसाचा हिशेब ठेवत असतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 2000 सालचा प्रयोग. बार्बरा रोल्स, बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मॅकरोनी आणि चीज वाढलं, कधी कमी, कधी भरपूर. तीन वर्षांच्या मुलांनी वाढणीकडे लक्षच दिलं नाही. पोट भरेल तेवढंच खाल्लं. पाच वर्षांची मुलं मात्र जास्त वाढलं की जास्त खात होती. म्हणजे मधल्या दोन वर्षांत पोटाचं ऐकणारं मूल ताटाचं ऐकू लागतं. "संपव बघू, एक घास चिऊचा, एक काऊचा" हे आपण मायेनेच म्हणतो. पण पोट भरल्यावरही तेच चालू राहिलं, तर ती आतली खूण ऐकायची सवय मोडते.

अन्नाच्या नासाडीची चिंता खोटी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालानुसार 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो, म्हणजे चौघांच्या घरात रोज सुमारे सहाशे ग्रॅम. यात साली, देठं, बियाही धरल्या आहेत, तरी आकडा लहान नाही. पण तो कमी करायचा रस्ता बाळाच्या घशातून जात नाही, आणि बाळाचं उष्टं ओट्याशी उभ्याने संपवणाऱ्या आईच्या पोटातूनही जात नाही. तो जातो वाढणीतून. दोन चमचे वाढा, मागितलं तर आणखी दोन. पातेल्यात राहिलेला भात वेळेवर फ्रिजमध्ये गेला तर सकाळी फोडणीला येतो. बाळाने चिवडलेला येत नाही.

आणि बाळाशेजारी बसा. ते संपवतंय का हे बघायला नव्हे. ते नीट गिळतंय का हे बघायला. लहान मुलाची श्वासनलिका जवळपास त्याच्याच करंगळीएवढी जाड असते. कठीण दाणा दळणाऱ्या मागच्या दाढा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून येऊ लागतात, आणि चावण्या-गिळण्याचा मेळ त्याहून उशिरा बसतो. शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष, सीताफळाची बी सरळ मागे सरकू शकते. शेंगदाणा फुफ्फुसाकडच्या नळीत गेला तर ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने आतलं अस्तर सुजतं, आणि घरचे कित्येक दिवस खोकल्याचं औषध देत राहतात. श्वास पूर्ण अडकला तर मुलाला खोकता येत नाही, रडताही येत नाही. शेजारच्या खोलीत काहीही ऐकू जात नाही.

म्हणून चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका. शेंगदाण्याचं बारीक कूट पदार्थात घाला, द्राक्षं उभी चिरा. मूल बसूनच जेवू द्या, धावताना नको. आणि ते जेवत असेपर्यंत मोबाइल, त्याचाही आणि तुमचाही, दुसऱ्या खोलीत ठेवा.