कागदाचा गळा

जुनी गाडी सांभाळणारा माणूस इंजिनावर खर्च करतो, रंगावर करतो, टायरवर करतो. डॅशबोर्डच्या स्पीकरकडे मात्र तो सर्वांत शेवटी पाहतो आणि पाहतो तेव्हा घाई करतो. बाजारातला मोठ्यात मोठा स्पीकर आणतो, तो भोकात बसत नाही म्हणून पत्रा कापतो. कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही. म्हणून या लहानशा भागाबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असं वाटलं.

आमच्याकडे दौलताबादला अब्बांची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी आधी फियाट म्हणून ओळखली जाई. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. अब्बांनी गाडीत रेडिओ बसवून घेतला तेव्हा रेडिओला सरकारी परवाना लागत असे. डॅशबोर्डखाली एकच स्पीकर. बातम्या, मुशायरा, कीर्तन, सगळं त्या एकाच गळ्यातून यायचं. छंद म्हणजे काय हे मला कळण्याआधी माझ्या कानाला कळलं, ते तिथेच. अलीकडे तो गळा फाटला. निवेदकाचा प्रत्येक शब्द खरखरू लागला.

स्पीकर तसा साधा असतो. मागे चुंबक, चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं म्हणजे कॉईल, आणि कॉईलला चिकटवलेला कागदाचा कोन. रेडिओतला प्रवाह कॉईलला पुढे-मागे हलवतो, कागद हवेला ढकलतो, हवा आपल्या कानाच्या पडद्याला. आमच्या गावाहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तिथल्या हातकागदाची परंपरा तुघलकाने १३२७ साली राजधानी इकडे आणली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. चिंध्यांचा लगदा जाळीवर घ्यायचा, पाणी निथळू द्यायचं, वाळवायचं. स्पीकरचा कागदी कोनही असाच लगद्यापासून होतो, फक्त जाळी कोनाच्या आकाराची असते.

कागद म्हटला की त्याला ऊन आणि ओल बाधणारच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंश असतात तेव्हा काचेखालचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. कागद ठिसूळ होतो, पावसाळ्यात ओल धरतो, कडा सुटतात. फटीत धूळ शिरली की कॉईल घासू लागते.

बदलायचं ठरलं तर आधी जुना स्पीकर काढून मोजा. व्यास, स्क्रूंमधलं अंतर आणि खोली. खोली विसरू नका, कारण मागे वायरी असतात, वायपरची यंत्रणा असते. मग ओहमचा आकडा पाहा. रेडिओ ८ ओहमच्या स्पीकरसाठी असेल आणि तुम्ही ४ चा जोडलात, तर जवळपास दुप्पट प्रवाह ओढला जातो आणि जुना रेडिओ तापून जळू शकतो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. बारा व्होल्टच्या गाडीत साध्या जुन्या रेडिओतून पाच-सहा वॅटच निघतात. ‘पन्नास वॅट’ लिहिलेल्या नव्या डेकमधूनही एका स्पीकरला स्वच्छ असे वीसच्या आसपास मिळतात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी विचारा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो.

जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार पुष्कळदा गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. नव्या डेकला हे चालत नाही. तिथे दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्या लागतात, नाहीतर डेक बिघडतो. स्पीकर दोन असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. सेलचं तेच टोक त्याच बाजूला लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर खर्जातले स्वर एकमेकांना मारतात.

माझ्या मुलाचं म्हणणं होतं, ‘‘अब्बू, पत्रा कापू या, मोठे स्पीकर बसवू.’’ त्याचंही खरं होतं. त्याच्या गाण्यांना खर्ज लागतो. पण अब्बांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना धमक नको, शब्द हवेत. माणसाचं बोलणं समजायला टेलिफोनइतका, म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो, आणि लहान कागदी कोन तेवढं चोख करतो. शेवटी मुलाचे स्पीकर पेटीत घालून मागच्या सीटखाली गेले, वेगळ्या डेकवर. पुढचा जुनाच राहिला. चुंबक आणि सांगाडा शाबूत होता, म्हणून शहरातल्या एका मिस्त्रींकडून नवा कोन आणि कॉईल बसवून घेतली. त्यांनी आधीच बजावलं, ‘‘भाईसाब, एवढ्या पैशांत नवा येईल.’’ येतोच. पण तो आमच्या स्क्रूंवर बसत नव्हता.

आवाज अगदी पूर्वीचा आला नाही. नवा कागद जरा ताठ असतो. पण बातम्या लागल्या तेव्हा अब्बांनी ‘काय म्हणाला?’ असं एकदाही विचारलं नाही. तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर एवढंच करा: जे बसवाल ते उद्या कुणाला काढता येईल असं बसवा.