फोनची रॅम कोण वाटतं? 4 केबी, 16 केबी आणि अ‍ॅप बंद पडण्यामागचं गणित

प्ले स्टोअर उघडलं की अपडेटची रांग लागलेली असते. बँकेचं अ‍ॅप, लोकलच्या तिकिटाचं अ‍ॅप, गेम, एडिटिंगचं अ‍ॅप. खाली कारण एकच लिहिलेलं असतं, ‘बग दुरुस्त केले’. पण गेल्या काही महिन्यांतल्या बऱ्याच अपडेटमागे एक ठोस कारण आहे. गूगलने नियम केला की 1 नोव्हेंबर 2025 पासून, अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेलं नवं अ‍ॅप किंवा जुन्या अ‍ॅपचं अपडेट प्ले स्टोअरवर टाकायचं असेल, तर ते 16 केबीच्या मेमरी पेजवर चाललं पाहिजे.

हे 16 केबी काय आहे? आणि डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना रील बघणाऱ्या माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं? समजून घेऊ.

मेमरी अ‍ॅलोकेटर म्हणजे काय?

कोणतंही अ‍ॅप चालताना त्याला सतत रॅम लागते. चॅटमधला एक मेसेज दाखवायचा तर थोडी, फोटो उघडायचा तर जास्त. काम झालं की ती परत करायची. ही देवाणघेवाण सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा होते. ती सांभाळणाऱ्या लायब्ररीला मेमरी अ‍ॅलोकेटर म्हणतात.

कल्याण-डोंबिवलीतल्या बिल्डरचं उदाहरण घ्या. तो आधी मोठा प्लॉट घेतो आणि त्यावर ठरलेल्या मापाचे फ्लॅट बांधतो. 1 आरके, 1 बीएचके, 2 बीएचके. तुम्हाला 1 बीएचकेपेक्षा थोडी जास्त जागा हवी असेल तर 2 बीएचकेच घ्यावा लागतो. मधलं माप मिळत नाही.

अ‍ॅलोकेटरही तसंच करतो. ऑपरेटिंग सिस्टिमकडून तो मोठे तुकडे घेतो आणि त्यातून ठरलेल्या मापाचे छोटे तुकडे वाटतो. ‘जेमॅलॉक’ नावाचा प्रसिद्ध अ‍ॅलोकेटर आहे. त्याच्याकडे 20 बाइट मागितले की 32 बाइटचा तुकडा मिळतो, 100 मागितले की 112 चा. थोडी जागा वाया जाते, पण वाटप झटपट होतं.

ऑपरेटिंग सिस्टिम हे मोठे तुकडे ज्या मापात देते, त्याला पेज म्हणतात. अनेक वर्षं अँड्रॉइडवर हे पेज 4 केबीचं, म्हणजे 4096 बाइटचं होतं.

कंपाइल करताना ठरवतात म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रॅमर जो कोड लिहितो तो फोनचा प्रोसेसर थेट चालवू शकत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. या पायरीला कंपाइल करणं म्हणतात.

काही गोष्टी अ‍ॅप चालू असताना बदलता येतात, काही कंपाइल करतानाच पक्क्या होतात. स्टेशनवर पाहा. इंडिकेटरवर कोणती गाडी दाखवायची हे मिनिटामिनिटाला बदलतं. पण प्लॅटफॉर्म किती डब्यांचा हे बांधतानाच ठरतं. मध्य रेल्वेवर 2012 मध्ये 15 डब्यांची लोकल आली, तेव्हा ती लगेच प्रत्येक स्टेशनवर थांबवता आली नाही. 12 डब्यांसाठी बांधलेल्या प्लॅटफॉर्मवर तिचे शेवटचे डबे बाहेरच राहणार. प्लॅटफॉर्म आधी वाढवावा लागतो.

जेमॅलॉकमध्ये पेजचं माप हे असं ‘बांधकाम’ आहे. बनवणारा कंपाइल करण्याआधी एक आकडा देतो. 12 दिला तर 2 चा 12 वा घात, म्हणजे 4 केबी. 14 दिला तर 16 केबी. 16 दिला तर 64 केबी.

मग हे माप अ‍ॅप सुरू झाल्यावर सिस्टिमलाच का विचारत नाहीत? विचारता येतं. पण माप आधीच माहीत असेल तर कंपायलर बरीचशी आकडेमोड तेव्हाच उरकून ठेवतो आणि मापांचे तक्ते तयार ठेवतो. लाखो वेळा होणाऱ्या कामात प्रत्येक वेळी थोडा वेळ वाचला तरी फरक पडतो.

मग घोळ कुठे होतो?

सगळ्या यंत्रांचं पेज सारखं नसतं. इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर ते 4 केबीचं असतं. अ‍ॅपलच्या आयफोनवर आणि एम मालिकेच्या मॅकवर 16 केबीचं. आर्मच्या 64 बिट प्रोसेसरवर 4, 16 आणि 64 केबी असे तिन्ही पर्याय असतात.

4 केबी धरून कंपाइल केलेला जेमॅलॉक 16 केबीच्या यंत्रावर नेला की तो ‘अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइज’ असा संदेश देतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. 2023 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय 5 या छोट्या कॉम्प्युटरवर अनेकांना हा अनुभव आला, कारण त्याच्या सिस्टिमचं पेज मुळातच 16 केबीचं ठेवलं होतं. रॅम भरपूर, प्रोसेसर नवा, तरी प्रोग्रॅम सुरूच होत नव्हते.

उलट दिशेने मात्र चालतं. 64 केबी धरून कंपाइल केलेला जेमॅलॉक 4 केबीच्या यंत्रावरही चालतो. लांब प्लॅटफॉर्मवर छोटी गाडी थांबू शकते, तसंच.

मग सगळीकडे मोठंच माप का ठेवत नाहीत?

कारण वाया जाणारी जागा वाढते. थोडीशी रॅम हवी असताना मोठा तुकडा अडकून पडतो. 12 जीबी रॅमच्या फोनवर हे जाणवणार नाही. 2 जीबीच्या फोनवर जाणवेल, कारण तिथे रॅम संपली की सिस्टिम मागे चालू असलेली अ‍ॅप बंद करते. तिकिटाचं अ‍ॅप उघडून पैसे भरायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात आणि परत आलात तर पहिलं पुन्हा सुरुवातीपासून लोड होतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

अँड्रॉइडचा इतिहास बघितला तर ही कसरत दिसते. 2014 मध्ये अँड्रॉइड 5 सोबत डग ली यांच्या जुन्या ‘डीएलमॅलॉक’ऐवजी जेमॅलॉक आला. जेसन इव्हान्स यांनी तो 2005 मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिला होता आणि पुढे फेसबुकनेही तो वापरला. फोनच्या प्रोसेसरमध्ये तेव्हा अनेक कोअर येत होते आणि जेमॅलॉक एकाच वेळी अनेक कामांना रॅम वाटू शकत होता.

ठाणे स्टेशनवर तिकिटाच्या खिडक्या वाढवल्या की रांग कमी होते, पण प्रत्येक खिडकीत सुट्टे पैसे वेगळे ठेवावे लागतात. जेमॅलॉकचंही तसंच आहे. खिडक्या जास्त, तर अडकून पडलेली रॅम जास्त. म्हणून कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइडमध्ये जेमॅलॉकची काटकसरीची रचना ठेवली गेली. ती हवी की नको, हे फोन बनवणारी कंपनी सिस्टिम कंपाइल करतानाच ठरवते.

2020 मध्ये अँड्रॉइड 11 ने ‘स्कुडो’ हा नवा अ‍ॅलोकेटर आणला. मेमरीतल्या चुकांचा फायदा घेऊन होणारे हल्ले अवघड करणं हा त्याचा मुख्य हेतू. पण कमी रॅमच्या फोनवर तेव्हाही जेमॅलॉकच राहिला. म्हणजे आवृत्ती एकच, पण महाग फोनला जास्तीची सुरक्षा आणि स्वस्त फोनला रॅमची बचत.

16 केबीने फायदा काय?

पेज मोठं असलं की सिस्टिमला कमी पेजचा हिशेब ठेवावा लागतो. गूगलच्या चाचण्यांत, रॅमवर ताण असताना अ‍ॅप सुरू व्हायचा वेळ सरासरी 3.16 टक्क्यांनी कमी झाला. अ‍ॅप सुरू होताना लागणारी वीज सरासरी 4.56 टक्क्यांनी घटली. फोन सुरू होण्याचा वेळही सुमारे 8 टक्क्यांनी कमी झाला. मात्र रॅम सरासरी थोडी जास्त लागते, हे गूगलनेही सांगितलं आहे.

तुम्ही काय करायचं?

घाबरण्याचं कारण नाही. बाजारातले बहुतेक अँड्रॉइड फोन आजही 4 केबीवरच आहेत. फक्त जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेल्या अ‍ॅपला हा बदल करावा लागत नाही. ज्यांच्या आत सी किंवा सी++ च्या लायब्ररी आहेत, त्यांना त्या तपासून पुन्हा कंपाइल कराव्या लागतात. गेम आणि व्हिडिओ एडिटिंगची अ‍ॅप यात सहसा येतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अ‍ॅप अपडेट करत राहा. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी एपीके फाइल टाकू नका. ती कोणत्या मापासाठी बनवली आहे ते तुम्हाला कळत नाही, सुरक्षेचा धोका वेगळाच. तीन, ‘रॅम साफ करा’ म्हणणाऱ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका. कंपाइल करताना ठरलेलं माप ते बदलू शकत नाहीत, आणि त्यांनी बंद केलेली अ‍ॅप पुन्हा उघडताना बॅटरी जास्त जाते.

आणि नवा फोन घेताना दुकानदाराने फक्त रॅमचा आकडा सांगितला, तर त्या फोनला सिस्टिमचे अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारा. अ‍ॅलोकेटर आणि पेजचं माप तुमच्या हातात नाही, ते बदललं तर अपडेटमधूनच बदलेल.